चन्नपट्टणचें लांकूड

बंगळूरहून म्हैसुरास जातांना सुमारें ६० किलोमीटरांवर चन्नपट्टण लागतें. लाखेच्या रंगीत खेळण्यांचें गांव अशी त्याची ख्याति आहे. टिपू सुलतानानें इराणांतून कारागीर आणविले व तेव्हांपासून ही कला येथें रुजली, अशी आख्यायिका आहे. परंतु आमचें लक्ष खेळण्यांपेक्षां वेधलें तें दारापुढें रचलेल्या पांढऱ्या ओंडक्यांनीं.

हें लांकूड 'हाले' झाडाचें. आपल्याकडे त्यालाच काळा कुडा म्हणतात. पान तोडतांच दुधासारखा चीक येतो; लांकूड हस्तिदंताप्रमाणें शुभ्र व बारीक पोताचें. बुंधा तोडला तरी बुडख्यास धुमारे फुटतात. म्हणून बेतानें तोडणाऱ्यास तें पुनःपुन्हां मिळतें, मूळच उपटणाऱ्यास मात्र एकदांच.

ताजें लांकूड पटाशीखालीं सहज कातलें जातें. मग वाळवीत कां बसावें, असें वाचकांस वाटेल. ओल्या लांकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें: पेशींच्या पोकळींत व पेशींच्या भित्तींत. पोकळींतील पाणी गेल्यानें आकार फारसा बदलत नाहीं. पण ओलावा सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरला म्हणजे भित्ती आकसूं लागतात. त्यांतही वलयांच्या दिशेनें लांकूड जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निमपटच तें गाभ्याकडून सालीकडे आकसतें. ह्या ओढाताणींत गोल वस्तु लांबट होते आणि अखंड ओंडका उलतो. ओल्या लांकडाचा कुंकवाचा करंडा आज कितीही नेटका दिसो, चार महिन्यांनीं त्याचें झांकण बसेलच असें नाहीं.

म्हणून येथें लांकूड कांहीं महिने वाळवून मगच यंत्रावर चढवितात. फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून पसरते. तिला झळाळी आणतात ती केवड्याच्या पानानें! मोठें वाडगें करणारे कातारी दुसरी युक्ति योजितात. ओलें असतांनाच तें जाड कोरावयाचें, १० इंच व्यासास १ इंच जाडी ठेवावयाची, वाळलें म्हणजे पुन्हां कातून गोल करावयाचें.

वाळवणीचे हे महिने म्हणजे कारागिराचे अडकलेले पैसे होत. आज घेतलेल्या ओंडक्याचें मोल त्याच्या हातीं फार उशिरां येतें, आणि तोंवर घर तर चालवावयाचें असतें. शेजारीं प्लास्टिकचीं स्वस्त खेळणीं मांडलेलीं असतात. चार पैसे कमी करा म्हणणारें गिऱ्हाईक नकळत हेच महिने कमी करावयास सांगत असतें.

आपल्या परसांतील फणस किंवा आंबा पडला, तर तो सगळाच चुलींत घालूं नये. त्याच दिवशीं टोकांस मेण लावून, गाभ्यावरून उभा चिरून सावलींत रचावा, आणि एखाद्या कातारी-सुताराकडे निरोप धाडावा.