घरच्या भाषेतली बेरीज

काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या मुलीचे प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे आली. धर्मग्रामाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकणारी ती मुलगी गणितात पुन्हा अनुत्तीर्ण झाली होती. मी शाळेचा व्यवस्थापक. अधिकारवाणीने सांगून मोकळा झालो, "घरी सामवेदी बोलणे बंद करा. इंग्रजीच बोला, म्हणजे गणित समजेल."

पुढे एके सकाळी मिस्सा आटोपून मी बाजारातून चाललो होतो. ती मुलगी आईच्या टोपलीपाशी बसली होती. गिऱ्हाइकाने पंधरा रुपयांना एक अशा मेथीच्या चार जुड्या घेतल्या आणि शंभराची नोट पुढे केली. तीस आणि तीस साठ, असे आपल्या बोलीत पुटपुटत तिने क्षणात चाळीस रुपये परत दिले. मी थबकलो. आई संकोचून म्हणाली, "फादर, तुम्ही सांगितलंत तेव्हापासून मी तिच्याशी बोलणंच कमी केलंय. मला इंग्रजी कुठं येतं?"

ते शब्द जिव्हारी लागले. मायलेकींच्या संवादावर मी बंदी घातली होती, आणि तीही गणिताच्या नावाने!

त्यानंतर मी या विषयावरील संशोधन वाचू लागलो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत दिली, तेव्हा जेमतेम ३७ टक्के. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये असाच निष्कर्ष मांडला. शिवाय त्यांना उलट बाजूही दिसली. केवळ शाळेत शिकणारी मुले पुस्तकी गणिते सोडवीत, पण बाजारातल्या हिशेबात अडखळत. बुद्धी दोन्हीकडे होती. मधला पूल तेवढा बांधलेला नव्हता.

तो पूल भाषेचाही असतो. पापुआ न्यू गिनीतील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून फिलिप क्लार्कसन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की घरची भाषा व इंग्रजी या दोन्हींवर चांगली पकड असलेली मुले गणितात सरस ठरतात. म्हणजे घरची भाषा पुसून इंग्रजी आणणे हा उपाय नव्हे. पहिलीच्या आधाराने दुसरी उभी करावयाची असते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, हे मी दरवर्षी प्रवचनात सांगतो. आणि तोच मी एका लेकराला तिच्या भाषेत बेरीज करू देत नव्हतो!

मी त्या मातेच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आता आमच्या शाळेत मुले उदाहरण आधी आपापसांत घरच्या भाषेत उलगडतात. सामवेदी, वाडवळी, हिंदी, ज्याची जी असेल ती. मग तेच इंग्रजीत मांडतात. वर्गात गलबला वाढला आहे, हे खरे. परंतु त्या गलबल्यात, पूर्वी खाली मान घालून बसणारी मुले आता बोलताना ऐकू येतात.

पालकहो, माझा तो जुना सल्ला कोणी अजून पाळत असाल, तर कृपया आजच मोडा.