दिवा कोण घालवणार?

लग्न होऊन १९९५ साली मी सांगलीच्या या घरात आले, तेव्हा आमच्या झोपायच्या खोलीत एकच ट्यूब होती. दारावरच्या भिंतीला चार फुटी ट्यूब, तिचं बटण दाराशेजारच्या बोर्डावर आणि पलंग मात्र पार पलीकडच्या भिंतीला. खोली अवघी दहा बाय बाराची. पण दिवसभराच्या रामरगाड्यानंतर अंथरुणाला पाठ टेकली, की तेवढंही अंतर कोसभर वाटतं. हो ना?

"अगं, दिवा घालव."

हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकलं. यात ह्यांचा काही जुलूम होता असं नाही. दाराच्या बाजूला मी झोपायची, म्हणून उठायचीही मीच. उठायचं, बटण दाबायचं आणि अंधारात चाचपडत परत यायचं. पलंगाच्या कोपऱ्याने माझ्या गुडघ्याला किती वेळा प्रसाद दिला, त्याची मोजदादच नाही!

खरं दुःख गुडघ्याचं नव्हतं. मला वाचनाची भारी आवड. माहेरी रात्री उशाशी पुस्तक असायचंच. इथे ट्यूब लावून वाचायचं, तर ह्यांची झोपमोड. सकाळी आठला बँकेत निघणाऱ्या माणसाला डोळ्यांवर आडवा हात घेऊन पडलेलं पाहिलं, की मलाच अपराधी वाटायचं. मग मी स्वयंपाकघरात पाटावर बसून वाचू लागले. पुढे मुलं झाली, सासूबाईंचं दुखणं आलं, कंबर कुरकुरू लागली. वाचनालयातून आणलेली पुस्तकं न उघडताच परत जाऊ लागली. शेवटी एका वर्षी वर्गणी भरायची राहिली, ती राहिलीच. कुणी काही म्हटलं नाही. म्हणायला कुणाच्या लक्षात तरी कुठे आलं होतं?

२०२३च्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि एके दिवशी बोर्डातून ठिणग्या उडाल्या. वायरिंग जुनं झालं होतं, सगळं नव्याने करायचं ठरलं. वायरमन म्हणजे आमच्या मुलाच्या वयाचाच पोरगा. हातात खडू घेऊन तो भिंतीवर खुणा करत होता. म्हणाला, "काकू, पलंग इथेच राहणार ना? मग तुमची उशी कुठल्या बाजूला?"

"दाराकडची," मी म्हटलं.

"खिडकीकडे वारा चांगला येतो की!"

"अरे, दिवा घालवायला उठावं लागतं ना!"

तो हसला, मीही हसले. पण रात्री तेच मनात घोळत राहिलं. मी कुठे झोपायचं, हे अठ्ठावीस वर्षं एका बटणाने ठरवलं होतं!

दुसऱ्या दिवशी त्या पोराने मला 'टू-वे' समजावून सांगितलं. जिन्यातला दिवा आपण खालून लावतो आणि वर जाऊन घालवतो, अगदी तसंच. एकाच दिव्याला दोन बटणं, एक दाराशी आणि एक उशाशी. भिंत फोडलेली असतानाच केलं, तर थोडी जास्त वायर आणि एक जास्तीचं बटण, एवढाच काय तो खर्च. मी लगेच म्हटलं, "उशाशी वाचायचे दिवेही हवेत. दोन्हीकडे एकेक. आणि त्यांची बटणं वेगवेगळी."

ह्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. "झोपायच्या खोलीला इतके दिवे? लग्नाचा मांडव आहे का?"

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, त्याच्यापुढे आकडे ठेवावे लागतात. मी कागद घेतला. आपण ज्याला 'झीरोचा बल्ब' म्हणतो ना, तो मुळीच शून्य वीज खात नाही बरं का. जुना काचेचा बल्ब बहुधा १५ वॅटचा असतो. रोज आठ तास जळला, तर महिन्याला ३.६ युनिट. त्याऐवजी अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा लावला, तर तेवढ्याच वेळात ०.१२ युनिट. वाचायचे पाच-पाच वॅटचे दोन दिवे रोज तासभर लावले, तर ०.३ युनिट. म्हणजे तिन्ही नवे दिवे मिळून त्या एका झीरोच्या आठव्या हिश्शाइतकीही वीज खात नाहीत!

ह्यांनी बेरीज तपासली. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "रात्रदिवा खाली, जमिनीजवळ बसवता येईल का गं?"

"का हो?"

"रात्री दोनदा उठावं लागतं. ट्यूब लावली तर तुला जाग येईल, आणि तो झीरोसुद्धा तुझ्या तोंडावर येतो म्हणून मी घालवून टाकतो. परवा अंधारात कपाटावर आपटलो."

दंडावरचा तो काळानिळा डाग मी पाहिला होता. स्कूटर काढताना लागलं, असं मला सांगितलं होतं. माझ्या झोपेसाठी हे अंधारात धडपडत होते आणि ह्यांच्या झोपेसाठी मी वाचणं सोडून बसले होते. दोघांनीही एकमेकांना अवाक्षर सांगितलं नव्हतं!

वयाचाही यात भाग असतोच. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून त्याला वाचायला जास्त उजेड लागतो, आणि अंधाराला डोळे सरावायलाही वेळ लागतो.

मग आम्ही दोघांनी बसून खोलीचा नकाशा काढला. तुमच्याकडे काम निघणार असेल, तर या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

आधी पलंग आणि कपाट कुठे येणार ते ठरवा, दिवे मागाहून. पलंगावर आडवं पडून हात जिथे सहज पोचतो, तिथे खूण करा आणि बटण तिथेच घ्या. मच्छरदाणी लावत असाल, तर ती लावून पाहा.

वाचायचा दिवा खांद्याच्या जरा मागे, बाजूला आणि मान वळवता येईल असा घ्या. उजेड पुस्तकावर पडावा, शेजारच्याच्या डोळ्यांवर नव्हे. छताचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, सावल्या फिरत राहतात आणि डोकं उठतं.

एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो वाचा. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. झोपायच्या खोलीत पिवळसरच बरा. रात्रीच्या प्रखर पांढऱ्या उजेडाने शरीरातलं झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं.

आरशाचा दिवा आरशाच्या दोन्ही बाजूंना हवा. डोक्यावरून उजेड आला, की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि कुंकू लावताना आपण उगीचच थकलेल्या दिसतो!

काम पुरं झालं त्या रात्री जुन्या सवयीने हे म्हणाले, "अगं, दिवा घालव." मी पडल्यापडल्या हात लांब करून बटण दाबलं. आम्ही दोघंही हसलो. मग मी माझ्या बाजूचा छोटा दिवा लावला आणि पुस्तक उघडलं. वाचनालयाची वर्गणी त्याच आठवड्यात भरून टाकली होती ना!

हे कूस वळवून झोपले. डोळ्यांवर हात नव्हता. रात्री उठले, तेव्हा पलंगाखालच्या मंद उजेडात नीट पाय टाकत गेले आणि परत आले. आता दाराच्या बाजूला तेच झोपतात.

मी खिडकीकडे. वारा खरंच छान येतो.