परतीची वाट

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी सांगली-कोल्हापूरकडे आणि थेट कर्नाटकात जातात. कित्येकांची बिऱ्हाडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघतात. या दिवसांत गाड्यांची वायरिंग करणाऱ्या कारागिराला क्षणाची उसंत नसते.

त्याचे दुकान ते केवढे! रस्त्याकडेची पत्र्याची शेड, पक्कड, चिकटपट्टी आणि रंगीत तारांची भेंडोळी. समोर एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या, त्यांवरील आवरण उन्हाने तडकलेले. कारागीर प्रथम बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडतो. धन टोकाला आधी हात घातला आणि पाना लोखंडाला टेकला, तर ठिणगी उडते.

वीज एका टोकाने निघून गेली म्हणजे काम झाले, असे नाही. बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन बॅटरीकडे परत यावा लागतो. गाडीत मात्र दिव्याकडे बहुधा एकच तार जाते. मग वीज परतते कशी? गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून! १८३८ साली जर्मनीतील कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारायंत्राला परतीची तार नसली तरी चालते; जमीनच ते काम करते. गाडीची चाके रबराची असल्याने तेथे जमिनीची जागा सांगाडा घेतो. कारागीर त्याला 'अर्थ' म्हणतात.

खरी अडचण येते ती ट्रॉलीपाशी. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असते ती एका खिळीने. परतीची वाट तिच्यावरच सोपवली, तर तेथील गंज, चिखल व वंगण आडवे येतात. खड्ड्यात गाडी आदळली की वाट तुटते आणि मागचा तांबडा दिवा मालवतो. पुढे बसलेल्या चालकाला त्याचा पत्ताही नसतो. मागून भरधाव येणाऱ्याला तर अंधारात ट्रॉलीच दिसत नाही. म्हणून जाणता कारागीर खिळीवर विसंबत नाही. तो ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत परतीची स्वतंत्र तार ओढतो. ती बसवण्यापूर्वी तेथील रंग व गंज घासून स्वच्छ लोखंड उघडे करतो आणि मगच नट घट्ट आवळतो.

पुढे येते हौसेची पाळी. कोणाला मोठा हॉर्न हवा असतो, कोणाला गाण्यांचा टेप, कोणाला शोभेचे दिवे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॅटचा एक दिवा पाच अँपिअर वीज घेतो. अशा साऱ्या वस्तू एकाच बारीक तारेवर लादल्या, तर ती तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागते. म्हणून कारागीर प्रत्येकासाठी वेगळी तार व वेगळा फ्यूज बसवतो. फ्यूजमधील बारीक तार भार वाढताच स्वतः वितळते आणि बाकीच्या तारा वाचवते. तिच्या जागी जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणे होय. वाटण्या अशा नीट झाल्या, की टेपचा फ्यूज गेला तरी गाणे तेवढे थांबते. मागचा दिवा जळतच राहतो.

काम संपल्यावर तारा सांगाड्याआड जातात. कारागिराने किती ठिकाणी गंज घासला, हे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. रात्री बालाघाटाची वळणे उतरताना ट्रॉलीत भांडीकुंडी, पांघरुणे आणि त्यांत झोपी गेलेली मुले असतात. त्यांच्यामागे तो तांबडा दिवा जळत असतो. चैत्राच्या सुमारास हंगाम संपून ही बिऱ्हाडे गावाकडे वळतील, त्या रात्रीही तो असाच जळत राहावा, एवढ्यासाठीच ते न दिसणारे काम मन लावून करावे लागते.