विद्याविहाराची वाट

आषाढात नवी मुंबईहून कोकणाकडे निघणाऱ्या गाड्यांत बहुधा सहलीची मंडळी असतात. आम्ही निघालो होतो ते एक विद्यापीठ पाहायला. कन्येला संगणक अभियांत्रिकी शिकायची होती, सीईटीचे गुण हाती होते आणि पसंतीक्रम भरायला चार-पाच दिवस उरले होते. मुंबई विद्यापीठ की लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, एवढाच प्रश्न होता.

पनवेल सुटले आणि कर्नाळ्याचा सुळका धुक्यात हरवला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. या महामार्गाच्या कामाविषयी कोकणवासीयांसमोर न बोललेलेच बरे. माणगाव मागे पडल्यावर लोणेरे आले. भातखाचरे, पावसाने काळवंडलेले डोंगर आणि त्यांच्या कुशीत १९८९ साली सुरू झालेले हे विद्यापीठ. परिसराचे नाव विद्याविहार. विहार म्हटला की आपल्याला साधू-साध्वींची पायी वाटचाल आठवते. आणि इथे तर चातुर्मासाच्या तोंडावर, म्हणजे तो विहार थांबण्याच्या दिवसांत, मुलगी घर सोडण्याचा विचार करीत होती. हाच रस्ता पुढे महाडला जातो. तेथील चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी सत्याग्रह केला होता. विद्यापीठाला त्यांचे नाव शोभते ते यामुळेही.

एक गोष्ट पालकांनी ध्यानी ठेवावी. या विद्यापीठाला आता राज्यभरची महाविद्यालये संलग्न आहेत. तेव्हा पदवी लोणेऱ्याची असली तरी शिकणे लोणेऱ्यातच होईल असे नाही; अर्जात विद्यापीठाचा स्वतःचा विभाग कोणता, हे नीट पाहावे लागते.

पुढच्या रविवारी हार्बर लोकलने फोर्टला गेलो. १८५७ सालचे मुंबई विद्यापीठ मुलीने अजून बाहेरूनही पाहिले नव्हते. राजाबाई टॉवरखाली उभे राहून तिला त्याची कथा सांगितली. आपल्या समाजातील दानशूर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावासाठी हा मनोरा उभारण्यास द्रव्य दिले. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. राजाबाईंना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नियम होता. टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, असे सांगतात. मुलगी बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, “पण बाबा, मी इथे कुठे शिकणार आहे? मी जाणार ऐरोलीला नाहीतर नवीन पनवेलला.”

ते खरेच होते. नवी मुंबईतील मुलांसाठी मुंबई विद्यापीठ म्हणजे त्याला संलग्न असलेले जवळचे महाविद्यालय. स्वायत्त संस्था वगळल्या, तर अभ्यासक्रम नि परीक्षा विद्यापीठाची, शिकवणारे मात्र महाविद्यालयाचे. तिथे बी.ई., लोणेऱ्याला बी.टेक. डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम दोन्हीकडे शिकाव्याच लागतात. अक्षरांच्या या फरकावर आमच्या नातलगांनी जितकी चर्चा केली, तितकी करण्याजोगे त्यात काही नाही.

खरा प्रश्न माझ्या आईने विचारला. “तिच्या संध्याकाळच्या जेवणाचं काय?” मुलगी नवव्या वर्षापासून चौविहार पाळते. घरी राहिली तर नियम सांभाळला जाईल, असे आम्ही मनोमन गृहीत धरले होते. मुलीने कागद घेतला. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. प्रात्यक्षिके पाचपर्यंत चालली, तर ऐरोली स्थानक गाठायचे, लोकलची वाट पाहायची, नेरूळला उतरून रिक्षा शोधायची. घरी पाऊल टाकेपर्यंत अंधार.

“म्हणजे घरी राहूनसुद्धा मी डब्यावरच, आजी.”

आई क्षणभर गप्प राहिली. “मग डबा काय, कुठेही उघडता येतो,” ती म्हणाली.

मी आणखी दोन दिवस घोटाळलो. वसतिगृह, पाऊस, एकुलती एक लेक. वसतिगृहातल्या खोलीत विजेची शेगडी चालते का, हेही विचारून झाले. नियमाने चालत नाही. तरीही मुलीने लोणेऱ्याचा विद्यापीठ-विभाग पहिल्या क्रमांकावर घातला आणि त्याखाली नवी मुंबईतील तीन महाविद्यालये. अर्ज निश्चित करण्याचे बटण तिने माझ्याकडून दाबून घेतले.

यादी लागायची होती. आईने मात्र त्याच संध्याकाळी खाकऱ्यांसाठी गहू निवडायला घेतले.