नारिंगी काचेचा भरवसा

लेझरचं यंत्र घेणारा माणूस आधी वॅट विचारतो. पाचाचं घ्यावं की दहाचं, प्लायवूड किती जाड कापेल, स्टीलवर नाव उमटेल का. खोक्यातून सोबत आलेल्या नारिंगी गॉगलबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तो फुकट मिळालेला असतो, आणि फुकटच्या वस्तूची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

मी लाकडी पाट्यांवर, चामड्याच्या पाकिटांवर, स्टीलच्या बाटल्यांवर नावं कोरतो. यंत्र एकच, पण त्यात लेझर दोन आहेत. लाकूड-चामड्यासाठी निळा, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. धातूसाठी १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त. निळा डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही. निळा प्रकाश शोषून घेते म्हणून काच नारिंगी दिसते. १०६४ला मात्र साधी नारिंगी काच अडवत नाही. पाटी संपवून बाटली हातात घेतली, यंत्राला लेझर बदलायला सांगितलं, की त्या क्षणी नाकावरचा गॉगल शोभेचा उरतो. त्यात धातूचं काम म्हणजे चकचकीत पृष्ठभाग. किरण कुठून कुठे उलटेल याचा नेम नाही.

न दिसणारा प्रकाश डोळ्याला कळतच नाही, मग इजा कशी करेल, असं पुष्कळांना वाटतं. ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याच्या आत थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. त्यातला ७००च्या पुढचा भाग आपल्याला जवळपास दिसत नाही, पण आतलं भिंग त्यालाही इमाने-इतबारे एका ठिपक्यात गोळा करतं. बाहुलीपाशी असलेली त्याची तीव्रता दृष्टिपटलावर लाखपटीच्या घरात जाते. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळला तसंच हे, फक्त कागदाच्या जागी दृष्टिपटल. तिथे वेदना कळवणारे मज्जातंतू नाहीत, त्यामुळे भाजलेलं कळत नाही, आणि जळलेला भाग पुन्हा येत नाही. दिसणाऱ्या झगझगाटाला पापणी पाव सेकंदात मिटते. अवरक्ताला ती मिटतच नाही, आणि काही वॅटच्या निळ्यापुढे पाव सेकंद फार उशिराचा असतो.

कार्बन डायऑक्साइड लेझरची तऱ्हा वेगळी. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर; तो डोळ्याच्या आत शिरत नाही, बाहेरचं पारपटल भाजतो. त्याचा विखुरलेला प्रकाश अडवायला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची खिडकीही चालते. तीच खिडकी निळ्या लेझरच्या यंत्राला बसवली तर ती असून नसल्यासारखी. निळ्या लेझरने पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापत नाही, ही तक्रार या धंद्यात नेहमीची. कारण प्रकाश त्यातून सरळ निघून जातो. जो पारदर्शक पत्रा आपल्या लेझरला कापता येत नाही तो डोळ्यांपुढे धरून उपयोग काय, एवढं ध्यानात आलं की अर्धं शास्त्र कळलं.

हातात मावणारा स्वस्त हिरवा पॉइंटरही निरुपद्रवी समजू नये. यातल्या पुष्कळांत ८०८ नॅनोमीटरचा डायोड आधी एका स्फटिकातून १०६४चा प्रकाश काढतो, आणि दुसरा स्फटिक त्यातून ५३२चा हिरवा. एका नळीत तीन तरंगलांब्या, दिसते ती एकच. उरलेल्या दोन अडवणारी छोटी गाळणी पैसे वाचवायला गाळली की अवरक्त बाहेर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांना २०१० मध्ये अशाच एका स्वस्त पॉइंटरमधून २० मिलिवॅट अवरक्त बाहेर पडताना आढळला होता. हिरवा अडवणारा लालसर गॉगल घालून त्याच्याकडे बघणारा माणूस उलट जास्त निर्धास्त असतो, आणि धोका त्या निर्धास्तपणातच आहे.

म्हणून गॉगल घेताना रंग बघू नये, काचेवर किंवा फ्रेमवर छापलेले आकडे वाचावेत. तिथे दोन गोष्टी हव्यात: कोणत्या तरंगलांब्या आणि त्यांना किती ओडी, म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. ओडी एकने वाढला की पलीकडे जाणारा प्रकाश दहापट घटतो. दहा वॅटच्या झोतातून ओडी २ची काच १०० मिलिवॅट जाऊ देते, ओडी ४ची फक्त एक मिलिवॅट. ईएन २०७ हे युरोपीय मानक याच्याही पुढे जातं. थेट झोत पडल्यावर काच काही सेकंद तग धरते का, तेही तपासतं. आकडे नसलेल्या काचेला मी उन्हाचा गॉगल समजतो.

सगळ्या तरंगलांब्यांवर एकच गॉगल का घेऊ नये, असं गिऱ्हाईकही विचारतं. लाल, हिरवा आणि निळा एकत्र करणाऱ्या लेझर प्रोजेक्टरला तसा गॉगल शोधला, तर तिन्ही रंग अडवणारी काच जवळपास काळोखच दाखवते. अंधारात चाचपडणारा हात आरसा हलवतो, स्क्रू पाडतो, आणि वैतागून माणूस गॉगल कपाळावर सरकवतो. कपाळावरच्या गॉगलचा ओडी शून्य. त्यापेक्षा आरसे जुळवताना शक्ती अगदी खाली आणावी, एका वेळी एकच रंग चालू ठेवावा आणि तोच रंग अडवणारा गॉगल घालावा. माझ्याकडे दोन गॉगल आहेत. दोन्हींच्या पट्ट्यांवर मार्करने ठळक आकडे लिहिलेत, आणि यंत्राच्या झाकणावरही तेच.

तरीही गॉगल ही शेवटची तटबंदी. पहिली म्हणजे बंद पेटी आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच. कारण गॉगल माझ्या डोळ्यांवर असतो. पाटी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या किंवा कुतूहलाने डोकावणाऱ्या शेजारच्या पोराच्या डोळ्यांवर नसतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. तिथे जखमी होतात ते झोत फिरवणारे नव्हेत, बघणारे.

यंत्र घ्यायचंच असेल तर त्याच्या प्रत्येक तरंगलांबीचा आकडा कागदावर लिहा, त्या आकड्यांचे गॉगल आणि पेटी यांची किंमत यंत्राच्या किमतीत धरा, आणि एवढं बजेटमध्ये बसत नसेल तर कमी वॅटचं यंत्र घ्या.