सोळा संघ, सोळा पहिले नंबर

कोल्हापुरात फुटबॉल तालमी खेळतात. मी नागपुरात वाढलो आणि पुढे ओहायोतल्या कोलंबस शहरात जाऊन स्थिरावलो. तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट आणि मारुतीची तसबीर एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, वेताळमाळ ही सगळी नावं मला कुस्तीच्या फडातली वाटली. ऋणमुक्तेश्वराचा बचाव ढिला पडलाय, असं कुणी बोललं की देवावर कसला प्रसंग ओढवला, असं क्षणभर वाटतं. खासबागेचं कुस्तीचं मैदान याच गावात, शाहू महाराजांनी उभारलेलं. तरीही पोरं चर्चा करतात ती कॉर्नर किकची.

सासुरवाडी इथली असूनही फुटबॉल हंगामाच्या तोंडावर येण्याचा योग पूर्वी जमला नव्हता. पाऊस सरला, दिवाळी उरकली की शाहू स्टेडियमची हिरवळ तयार होते आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग जवळ येते. या संस्थेला इथे कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही, नुसतं ‘केएसए’. संस्था १९४० सालची. वरिष्ठ गटात सोळा संघ.

जेवणं झाल्यावर मेहुण्याने गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गवळी तुमच्या समोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात ठेवतो. दुधाच्या डब्यावरची तारीख दोनदा वाचून मगच झाकण उघडणारा मी. तोंडाला मिशी लागेपर्यंत प्यायलो. आजूबाजूला मेहुण्याचे दोस्त, त्यांचे काका, कुणाचा तरी शाळकरी पोरगा. बोलणं अर्थातच फुटबॉलचं. मी आपला शिष्टाचार म्हणून विचारलं, “मग यंदा पहिला नंबर कुणाचा?”

“दाजी, लीग अजून सुरू व्हायची हाय,” मेहुणा म्हणाला. “नंबर कसला?”

“आमच्याकडे आधीच लागतो.”

आता मला सांगणं भाग पडलं. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल हे मोठं प्रकरण आहे. त्यात पायाचं काम थोडं, हाताचं आणि खांद्याचं जास्त. ते सोडून द्या. आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचं मैदान १९२२ साली बांधलेलं, आणि त्यात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. विद्यार्थ्यांचा सामना बघायला एक लाख, हे ऐकून काकांनी पेला खाली ठेवला. मी पुढे गेलो. सामने सुरू होतात ऑगस्टच्या अखेरीस, पण त्याआधीच असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देशभरातल्या साठेक क्रीडापत्रकारांची मतं मागवते. प्रत्येकाने पंचवीस संघ उतरत्या क्रमाने लिहायचे. पहिल्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, शेवटच्याला एक. बेरीज केली की यादी तयार. १९३६ पासून ही मतमोजणी चालू आहे.

“ते पत्रकार सगळ्यांचा सराव बघत्यात व्हय?”

“नाही. देश केवढा मोठा. गेल्या वर्षी काय झालं, कोण खेळाडू गेला, कोण आला, यावरून अंदाज.”

“म्हंजे चेंडू हलायच्या आधी नंबर!” आणि ते सगळे हसले. मुलगा तर इतका हसला की दूध नाकात गेलं.

त्यांना आणखी हसवणं माझ्या हातात होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या यादीने टेक्सासला पहिलं बसवलं. हंगामाआधीचा पहिला क्रमांक त्या विद्यापीठाला इतिहासात प्रथमच मिळाला. ३० ऑगस्टला ते आमच्या गावात आले, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटकडून १४-७ असे हरून परत गेले. पुढच्या यादीत आम्ही पहिले, ते सातवे. त्याच्या आदल्या वर्षी फ्लोरिडा स्टेटला दहावं ठरवलं होतं. पहिला सामना आयर्लंडमधल्या डब्लिनला झाला, तिथे जॉर्जिया टेकने त्यांना हरवलं, आणि हंगाम संपला तेव्हा त्यांचे विजय होते दोन, पराभव दहा. मिशिगन तर आमचे पिढीजात वैरी, म्हणून त्यांची गोष्ट मी जरा चवीने सांगतो. १ सप्टेंबर २००७ ला पाचव्या क्रमांकावरच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ॲपलॅचियन स्टेट या खालच्या गटातल्या कॉलेजाने ३४-३२ असं नमवलं. खालच्या गटाला मतं द्यायची सोयच यादीच्या नियमात नव्हती; ती नंतर केली गेली. मिशिगन एका आठवड्यात पंचविसातून बाहेर.

हसून झाल्यावर काकांनी एक प्रश्न विचारला, आणि तो अमेरिकेत मला कधी कुणी विचारला नाही. “मग नंबर देत्यात कशाला? तक्ता न्हाई का?”

तक्ता आहे, पण पुरत नाही. वरच्या गटात २०२५ साली एकशे छत्तीस संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला नेहमीचे सामने बारा. बहुतेक संघ एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत. बारा जिंकलेला एखादा संघ लिंबूटिंबूंना झोडून आलेला असतो, आणि दोन हरलेला दुसरा वाघांशी झुंजून. म्हणून कुणाशी खेळलात याचा हिशोब, दर चालीला किती यार्ड पुढे सरकलात याचा हिशोब, चेंडू किती वेळा गमावला याचा हिशोब, आणि त्यावर पत्रकारांची मर्जी. ज्या समितीच्या क्रमवारीवरून अंतिम बारा संघ निवडले जातात, ती मात्र आपली पहिली यादी नोव्हेंबरच्या सुमारासच काढते. तोवर पुरेसे सामने झालेले असतात. ऑगस्टची यादी म्हणजे निव्वळ बोलण्याचा धंदा. आणि मी स्वतः दर वर्षी ती पहाटे उठून बघतो.

कोल्हापुरात हा घोळच नाही. सोळा संघ, एकच मैदान, पायी चालत गाठता येईल एवढ्या अंतरात निम्म्या पेठा. लीगचे सामने शाहू स्टेडियमवर, त्यामुळे घरचं मैदान आणि परकं मैदान असा भेद नाही. आणि जो माणूस दिलबहारचा सामना बघतो तोच दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस क्लबचा आणि फुलेवाडीचाही बघतो. अमेरिकन पत्रकाराने आयुष्यात पाहिले नसतील इतके संघ इथल्या शाळकरी पोराने डोळ्यांनी पाहिलेले असतात. एवढं ज्ञान असूनही त्यांच्याकडून पहिला नंबर वदवून घेणं मला जमलं नाही. म्हणजे उत्तर मिळायचं, पण प्रत्येकाचं आपल्या पेठेचं. पाटाकडीलच्या माणसाला शिवाजी तरुण मंडळ पहिलं असं म्हणायला लावणं, हे त्याला आडनाव बदलायला सांगण्यासारखं आहे.

पण क्रमांकाचा विषय बाजूला ठेवून मी नुसतं ‘तुमचा संघ कसा आहे’ एवढं विचारलं, आणि सगळा नूर पालटला. जो माणूस मघाशी आपल्या तालमीला पहिलं म्हणत होता, तोच तिची चिरफाड करू लागला. गोली हाताने चांगला, पण उंच चेंडूला बाहेर येत नाही. लेफ्ट बॅकचा गुडघा अजून बरा नाही, घरच्यांनी लपवलंय. आघाडीला पळणारा पोरगा साठाव्या मिनिटानंतर चालायला लागतो. नोंदणीच्या वेळी मधल्या फळीतला एकजण दुसऱ्या पेठेने पळवला, आणि त्याच्या जागी बाहेरून आणलेला खेळाडू अजून पास कुणाला द्यायचा हे शिकतोय. इथल्या संघांत परगावचे खेळाडू येतात, आफ्रिकेतलेही येतात. रंकाळ्याच्या काठी राहून त्यांना तांबडा रस्सा मानवतो की नाही, इथपर्यंत विश्लेषण गेलं. शत्रूच्या संघाबद्दल तर अधिकच बारीक माहिती, आणि त्यात आदरही. क्रमांक देणार नाहीत, पण त्याचा उजवा विंगर आपल्यापेक्षा सरस हे बिनदिक्कत सांगतील. एवढा प्रामाणिकपणा मी कोलंबसमध्ये मिशिगनबद्दल कधी ऐकला नाही. माझ्या तोंडून तर नाहीच.

दोन दिवसांनी लीग सुरू झाली आणि सामना पाहिला. संघांची नावं लिहीत नाही. मला सासुरवाडीला पुन्हा जायचं आहे. दोन गॅलऱ्यांत दोन पेठा, मध्ये पोलीस, हलगीचा कडकडाट. पोलिसांची गरज का, हे विचारावं लागलं नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांचे डाग या खेळावर आहेत आणि कट्ट्यावरचे शहाणेही तो विषय निघाला की पेल्यात बघू लागतात. त्या दिवशी मात्र फक्त घसे फुटले. माझ्या शेजारचे आजोबा पूर्वार्धभर आपल्याच लेफ्ट बॅकला शिव्या घालत होते, त्याने उत्तरार्धात गोलरेषेवरून चेंडू काढला तेव्हा उठून उभे राहिले, आणि लगेच बसून पुन्हा शिव्या सुरू. याच मैदानांवरून अनिकेत जाधव पुढे गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे त्यांनी मला मध्यंतरात सांगितलं. तोही जणू आपल्याच गल्लीतला, अशा सुरात. सामना १-१ बरोबरीत सुटला. प्रत्येकी एक गुण. तक्त्याला त्यापलीकडे काही म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. कोल्हापूरच्या पेपरांत या लीगचं वार्तांकन असं असतं की अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकाने लाजावं: कोणी कुणाला पास दिला, मोठ्या डीच्या बाहेरून कोणी फटका मारला, कितव्या मिनिटाला. अंदाज नाही, क्रमवारी नाही. मेहुण्याने चहा बाजूला सरकवला, बातमी शेवटपर्यंत वाचली आणि फोन उचलला.

“अडतिसावं मिनिट छापलंय,” तो पलीकडच्या कुणाला तरी सांगत होता. “छत्तिसावं हुतं. मी घड्याळ बघितलंय.”