जुन्या लिस्टिंगवर नवा माल

आमच्या दुकानातून ऑनलाइन सगळ्यात जास्त गेलेली वस्तू म्हणजे मोराच्या नक्षीची सुती चादर. साठ बाय नव्वद इंच, वजन सव्वा किलो, दोन्ही बाजूंनी अंथरता-पांघरता येईल अशी जकार्डवर विणलेली. सोलापुरात सासऱ्यांच्या काळापासून आमचं दुकान आहे. गिऱ्हाईक मुख्यतः देवदर्शनाला आलेलं. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करून माणूस सोलापूर स्टेशनवर येतो आणि गाडीला वेळ असला की चादर घेऊन जातो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला तर श्वास घ्यायला फुरसत नसते.

मार्च 2020मध्ये हे सगळं एका दिवसात थांबलं. देवळं बंद, रेल्वे बंद, दुकानाला कुलूप. तेव्हा बी.कॉम. झालेला माझा पुतण्या म्हणाला, "काकू, आपण ऑनलाइन टाकू." जीएसटी नंबर होताच. त्याने गच्चीवर उन्हात चादरी पसरून फोटो काढले, मी मजकूर सांगितला, त्याने टाइप केला. सप्टेंबरमध्ये पहिली ऑर्डर गेली. तो खोका बांधताना मी टेप तीनदा फिरवला होता.

ऑनलाइन बाजारात प्रत्येक वस्तूचं एक पान असतं, त्याला सगळे लिस्टिंग म्हणतात. त्या पानाला बाजाराकडून एक क्रमांक मिळतो. गिऱ्हाइकांनी दिलेले स्टार, लिहिलेले रिव्ह्यू, टाकलेले फोटो, आजवर किती नग गेले, हे सगळं त्या क्रमांकाला चिकटून राहतं. पानावरचं नाव, फोटो, किंमत, वर्णन मात्र विक्रेत्याला बदलता येतं. पुढे जे घडलं ते या एवढ्याशा फटीतून घडलं.

दोन वर्षांत त्या चादरीच्या पानाखाली अकराशेच्या वर रेटिंग जमली. सरासरी 4.3. रात्री जेवणं आटोपली की मी मोबाइलवर ते अभिप्राय वाचत बसायची. कुणी लिहिलं होतं, आमच्या आजोळी अशीच चादर होती. कुणी बाळंतिणीसाठी घेतली होती. दुकानात गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं, चादर वर्षभर कशी चालली हे सांगायला परत येत नाही. इथे लोक सांगत होते.

ही चादर आम्हाला विणून द्यायचे ते अण्णा. घरात तेलुगू, बाजारात मराठी बोलणारे, तीन पिढ्या मागावर घालवलेलं पद्मशाली कुटुंब. 2021च्या अखेरीपासून सुताचे भाव असे चढले, की केंद्र सरकारला एप्रिल 2022मध्ये कापसावरचं आयात शुल्क तात्पुरतं माफ करावं लागलं. अण्णांना तेवढी कळ काढता आली नाही. त्यांनी सहापैकी चार माग बंद केले. म्हणाले, "वहिनी, या भावात सूत घेऊन विणली तर चादरीमागे पन्नास रुपये माझ्या खिशातून जातात." दिवाळीनंतर आमच्याकडे मोराच्या मोजून अकरा चादरी उरल्या.

आता इथे आमचा निर्णय आला, आणि तो आम्ही कसा घेतला ते मला नीट सांगायचं आहे.

माल संपला की पान मागे पडतं. शोधणाऱ्याला ते पहिल्या पानावर दिसत नाही, मग विसाव्यावरही दिसत नाही. त्याच सुमारास एका व्यापाऱ्याने पानिपतचं पॉलिस्टर फ्लीसचं कांबळं आणून दाखवलं. मऊ, हलकं, रंग भडक, किंमत निम्मी. थंडी तोंडावर होती. नवीन पान उघडलं तर ते शून्य स्टारवर सुरू होणार. शून्य स्टारचं कांबळं कुणी उघडून बघत नाही. जाहिरातीला पैसे मोजावे लागतात, पहिले पन्नास नग तोट्यात घालावे लागतात. ही अडचण खरी आहे, आणि लहान विक्रेत्याला ती किती नडते हे मोठ्या बाजारवाल्यांनी कधी समजून घेतलेलं नाही.

लिस्टिंगची कामं करून देणाऱ्या एका मुलाने पुतण्याला सांगितलं, जुनं पान आहे ना, त्यावरच चढवा. सगळे तेच करतात. एकदम बदलू नका, आधी फोटो, आठ दिवसांनी नाव, मग वर्णन. पुतण्याने मला विचारलं. मी म्हटलं, आपलंच पान, आपलाच माल, चोरी थोडीच आहे. हे शब्द माझे आहेत, मुलावर ढकलणार नाही.

नोव्हेंबर 2022च्या तिसऱ्या आठवड्यात मोराच्या चादरीच्या पानावर फ्लीसचं कांबळं उभं राहिलं. वर नवा फोटो, खाली तेच 4.3, तेच अकराशे. पहिल्या वीस दिवसांत जेवढी कांबळी गेली तेवढ्या चादरी कुठल्याच महिन्यात गेल्या नव्हत्या. पुतण्या खूष होता. मीही होते.

पहिली शंका आली ती आमच्या हिशेबाच्या माणसाला. महिन्याची बिलं बघताना त्याने विचारलं, "अण्णांकडून खरेदी तर नाही, मग एवढ्या कॉटन चादरी विकल्या कुठून?" पानाचं नाव बदललं होतं, पण मागचा करासाठीचा एचएसएन कोड आणि बिलावर उमटणारं जुनं वर्णन तसंच राहिलं होतं. पॉलिस्टरच्या कांबळ्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी 'कॉटन चादर' असं छापलेलं बिल गेलं होतं. ते बिल हातात घेऊन बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. पण पुतण्या म्हणाला कोड दुरुस्त करतो, आणि मी ते तेवढ्यावर सोडलं.

मग परभणी जिल्ह्यातून फोन आला. पाकिटावर तक्रारीसाठी नंबर छापावा लागतो, त्यावर. बोलणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, आवाज वर्गात बोलावा तसा स्वच्छ.

"ताई, मागच्या वर्षी तुमच्याकडून चादर घेतली होती. माझ्या आईसाठी. तिला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. तिच्या अंगाला दुसरं काही सोसत नाही. एक धुण्यात असली की दुसरी हवी, म्हणून जुन्या ऑर्डरमध्ये जाऊन तीच पुन्हा मागवली. तर हे काय आलं?"

मी म्हटलं, "बाई, फोटो बदललाय ना पानावर, तुम्ही..."

"फोटो मी कशाला बघू? मी माझ्याच जुन्या ऑर्डरवर बोट ठेवलं."

त्यांचं बरोबर होतं. जुनी ऑर्डर त्याच क्रमांकाच्या पानावर नेते. आम्ही पान बदललं, तशी त्यांची जुनी ऑर्डरही न विचारता बदलून टाकली होती. मी माफी मागितली, परत घेते म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आणि त्याखाली माझा अभिप्राय अजून आहे. मी लिहिलंय की चादर रंग सोडत नाही आणि अंगाला टोचत नाही. ते मी या वस्तूबद्दल लिहिलेलं नाही, ताई. माझं नाव आहे तिथे."

त्या रात्री मी आणि पुतण्या ते पान उघडून बसलो. बाईंचा अभिप्राय सापडला. सोबत त्यांनी टाकलेला फोटो: पत्र्याच्या पडवीत दोरीवर वाळत घातलेली मोराची चादर, कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमटे, मोराची मान ओलसर असल्यामुळे गडद दिसणारी. त्याच पानावर वर आमचं जांभळं फ्लीसचं कांबळं. मी खाली सरकवत गेले. आजोळची आठवण काढणारा, बाळंतिणीसाठी घेणारी, 'शुद्ध सूत आहे, निर्धास्त घ्या' म्हणणारे किती तरी. ही सगळी माणसं आमच्या कांबळ्याची साक्ष देत उभी होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही आमच्या गावाची जुनी तक्रार आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे ते याच कारणासाठी. बैठकांमध्ये मी स्वतः त्यावर बोललेली आहे. पानिपतच्या कारागिरांचं काही चुकलेलं नाही, कांबळं आपल्या जागी चांगलं होतं. आम्ही ते चादरीच्या जागेवर नेऊन बसवलं.

पुतण्याचं म्हणणं होतं, थंडी संपेपर्यंत चालू ठेवू. साडेतीनशे नग पडून होते, पैसे अडकले होते. आमचा वाद झाला, तो दोन दिवस जेवायला खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पान बंद केलं.

कांबळ्यांसाठी नवीन पान उघडलं. नावातच 'पॉलिस्टर' आणि वर्णनात 'पानिपत' लिहिलं. शून्य स्टार. साडेतीनशे नग संपायला पुढची थंडी उजाडली. उरलेल्या अकरा चादरींतली एक मी स्पीड पोस्टाने बाईंना पाठवली. त्यांनी पैसे पाठवले; मी नको म्हटलं तरी पाठवले. अभिप्राय आम्हाला काढता येत नाही, तो लिहिणाऱ्यालाच काढता येतो. बाईंनी तो काढून टाकला, वाळत घातलेल्या चादरीच्या फोटोसकट.

सूत उतरल्यावर अण्णांनी पुन्हा मोराचं बीम चढवलं आणि आम्ही जुनं पान मूळ नावाने सुरू केलं. तेव्हा कळलं की केलेलं पुसता येत नाही. कांबळं घेतलेल्यांचे रिव्ह्यू आता चादरीखाली आहेत: 'पातळ आहे', 'केस निघतात', 'सुती नाही, फसवणूक'. त्यांनी त्यांच्या वस्तूबद्दल खरंच लिहिलं होतं. अण्णांनी पुतण्याच्या मोबाइलवर ते वाचलं आणि विचारलं, "माझ्या चादरीचे केस कुठे निघतात, वहिनी?" सरासरी 3.9 वर आली ती अजून वर चढलेली नाही.

नंतर पुतण्याने याबद्दल पुष्कळ वाचलं. या प्रकाराला 'रिव्ह्यू हायजॅकिंग' म्हणतात. फेब्रुवारी 2023मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या द बाउंटिफुल कंपनीवर याच कारणाने कारवाई केली. नव्या गोळ्या जुन्या, खपणाऱ्या गोळ्यांचा दुसरा प्रकार म्हणून एका पानावर जोडायच्या आणि त्यांचे स्टार वापरायचे, असा आरोप होता. कंपनीला 6 लाख डॉलर भरावे लागले. अशा प्रकारावरची त्या संस्थेची ती पहिलीच कारवाई. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं ते नोव्हेंबर 2022मध्ये, म्हणजे आम्ही पान बदललं त्याच महिन्यात. आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. 2020च्या ई-कॉमर्स नियमांत मात्र स्पष्ट आहे की वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि बाजार चालवणाऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. नोव्हेंबर 2023मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांना मनाई केली, त्यात एक दाखवून दुसरं देणं हाही आहे.

नियम असोत. माझं मत असं, की रिव्ह्यू विक्रेत्याची मालमत्ता नाही. पान आमचं असेल, पण त्याखालचा शब्द लिहिणाऱ्याचा आणि त्या एका वस्तूचा. वस्तू बदलली की तो शब्द तिथून उठला पाहिजे. बाजार चालवणाऱ्यांना हे करणं अवघड नाही. सुती चादरीचं पान पॉलिस्टरचं झालं, वजन सव्वा किलोवरून सातशे ग्रॅमवर आलं, हे त्यांच्या संगणकाला दिसतंच. आणि नव्या पानाला पहिले काही दिवस जरा पुढे जागा मिळाली, तर आमच्यासारखे लोक या वाटेला कमी जातील.

तोवर घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. पानावरचे सगळ्यात नवे अभिप्राय आधी वाचा, आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो वरच्या फोटोशी ताडून बघा. जुनी ऑर्डर पुन्हा मागवताना पान एकदा उघडून पाहा. फसगत झाली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आणि अभिप्राय लिहिताना नुसतं 'छान आहे, आवडलं' लिहू नका. वस्तूचं नाव लिहा, ती कशाची आहे ते लिहा, जमलं तर फोटो टाका. परभणीच्या बाईंनी 'चादर' हा शब्द लिहिला होता, म्हणून कांबळ्याखाली तो खोटा पडला आणि आम्हाला दिसला.